किडनी द्यायला मनातून तयार नसलेली बहीण : ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर म्हणून माझा अनुभव

मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलंय आणि सध्या पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे. बऱ्याच जणांना वाटतं कोऑर्डिनेटर म्हणजे फायली गोळा करायच्या आणि फोन लावायचे. तेही करावंच लागतं, पण २०११ मध्ये अवयव प्रत्यारोपण कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून कोऑर्डिनेटर नेमल्याशिवाय हॉस्पिटलला ट्रान्सप्लांटचं रजिस्ट्रेशनच मिळत नाही, आणि माझ्या मते या पदाचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे जिवंत डोनरशी दार बंद करून एकट्याने बोलणं. ज्या केसमध्ये याचा खरा कस लागला ती इथे लिहितेय. ओळख पटू नये म्हणून गावं, वयं, घरातलं थोडंफार बदललंय. फील्डवर्कला येणारी मुलं-मुली विचारतात की मॅडम एथिक्सचा पेपर प्रत्यक्षात कुठे लागतो, मुख्यतः त्यांच्यासाठी.

पेशंट चाळिशीच्या आतला, दौंडच्या पुढच्या एका गावचा. डायालिसिस चालू होतं महात्मा फुले योजनेतून, डॉक्टरांनी आठवड्याला तीनदा सांगितलेलं पण गाडीभाडं आणि बुडणारा रोज बघता तो दोनदाच यायचा. आईला डायबेटिस म्हणून ती बाद, वडील नाहीत, बायकोचा ब्लड ग्रुप जुळत नव्हता. राहिली धाकटी बहीण, बारामतीकडे दिलेली, दोन लहान मुलं. तिचा ग्रुप जुळला, टायपिंग (दोघांच्या ऊती किती जुळतात ते) चांगलं आलं, क्रॉसमॅच, म्हणजे पेशंटचं रक्त डोनरच्या पेशींवर हल्ला करतं का ते बघणारी तपासणी, निगेटिव्ह आला (निगेटिव्ह ऐकून घरचे आधी घाबरतातच, इथे निगेटिव्ह म्हणजे चांगलं हे दर वेळी समजावून सांगावं लागतं), किडनीचं काम आणि तिच्या रक्तवाहिन्या बघणारे डीटीपीए स्कॅन आणि सीटी अँजिओ पण नॉर्मल. रिपोर्टचे फोटो त्यांच्या फॅमिली ग्रुपवर फिरले, घरात सगळ्यांना वाटलं आता सुटलो.

त्या वेळी आमच्याकडे डोनरचा एकट्याचा इंटरव्ह्यू सगळ्या तपासण्या झाल्यावर, कागदपत्रांच्या टप्प्यावर व्हायचा. म्हणजे ती माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा फक्त सह्या राहिल्यात असंच सगळे धरून चालले होते.

आत आले आई, वहिनी, मामा आणि ती. मी तिला प्रश्न विचारला की उत्तर मामा द्यायचे. "ती तयार आहे मॅडम, भावासाठी जीव पण देईल." ती मान हलवायची. मी सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं तर मामा म्हणाले, आमच्यासमोर बोलू द्या की, आमच्यापासून काय लपवायचंय. मी सांगितलं की अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांत स्पष्ट आहे, डोनर बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची आणि तिची संमती तिची स्वतःची आहे याची खात्री पेशंट सोडून दुसऱ्या कुणी करायची. हा नियम उगाच आलेला नाही, आपल्या देशात जिवंत डोनरमध्ये बायका किती आणि किडनी मिळणाऱ्यांमध्ये पुरुष किती हे कुठल्याही ट्रान्सप्लांट युनिटमध्ये एक महिना बसलं तरी दिसतं. बायको नवऱ्याला देते, आई मुलाला देते, बहीण भावाला देते, उलट्या दिशेने येणारी केस आली की आम्हालाच वेगळं वाटतं.

दार लावल्यावर मी लगेच किडनीचं काढलं नाही. मुलं कितवीत आहेत, इकडे आल्यावर त्यांना कोण बघतं, घरी काम काय असतं असं बोलत राहिले. मग तिनेच विषय काढला, आणि तोही किडनीचा नाही. म्हणाली, "मॅडम, मागच्या वर्षी मी हक्कसोडवर सही केली. तेव्हा पण सगळे असेच बसले होते." हक्कसोड म्हणजे माहेरच्या मालमत्तेतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद. हातात मोबाइल होता, त्याच्या कव्हरची कड नखाने उचकटत होती, कव्हर निघायचं, ती परत बसवायची, परत उचकटायची. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मला नाही द्यायची. पण मी नाही म्हटलं हे कळलं तर माझं माहेर संपलं."

केसवर्कमध्ये आपण शिकतो की क्लायंटचा स्वनिर्णयाचा हक्क मानायचा आणि गोपनीयता पाळायची. वर्गात ते सोपं वाटतं कारण तिथे क्लायंट एकच असतो. इथे तिचा भाऊ पण माझाच पेशंट, दर खेपेला डायालिसिसच्या खुर्चीवरून मला नमस्कार करणारा, चांगला माणूस. म्हणून सगळ्यात आधी मी आमच्या सायकियाट्रिक सोशल वर्करला सांगितलं की या केसपुरतं भावाचं आणि बाकी घरच्यांचं कौन्सेलिंग तू बघ, मी बहिणीची बाजू बघते. काही बोलायचं झालं तर घरचे शेवटी माझ्याकडेच यायचे ते वेगळं, पण निदान भावाला धीर देणारी आणि बहिणीचं ऐकून घेणारी व्यक्ती एक राहिली नाही. अमेरिकेत जिवंत डोनरसाठी स्वतंत्र माणूस ठेवणं २००७ पासून बंधनकारक आहे, पेशंटच्या टीमशी ज्याचा संबंध नाही असा. आपल्याकडे एकच कोऑर्डिनेटर दोघांचं बघते, आणि हे बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हा 'नाही' नक्की कुणाचा आहे ते बघणं. माहेरचे 'दे' म्हणून दबाव आणतात तसे सासरचे 'देऊ नको' म्हणून आणतात, आणि बाईला बाहेर बसलेल्या मामांपासून वाचवताना मी तिच्या नवऱ्याचा निर्णय तिचा म्हणून लिहून घेतला असं व्हायला नको होतं. मी तिला पुन्हा बोलावलं, तपासणी राहिलीय या नावाखाली नाही, "मॅडमना भेटायचंय" एवढंच सांगून. नवऱ्याला काय वाटतं ते विचारलं. म्हणाली, "ते नकोच म्हणतात. पण ते हो म्हणाले असते तरी मला द्यायची नव्हती. मला भीती वाटते आणि माझी पोरं लहान आहेत." मी तिला सगळी माहिती परत दिली, पटवायला नाही, तिला खरं माहीत असावं म्हणून. डोनरच्या ऑपरेशनमध्ये जिवाला धोका दहा हजारांत साधारण ३ इतका असतो, बहुतेक डोनर पुढे नीट जगतात, काही आठवडे जड उचलायचं नाही, नंतर दरवर्षी तपासणी. तिने विचारलं, "आणि मी नाही दिली तर दादा मरेल का?" यावर खोटं सांगता येत नाही. मी म्हणाले डायालिसिसवर माणसं वर्षानुवर्षं राहतात, ट्रान्सप्लांट जास्त चांगलं असतं हे खरं आहे, कॅडॅव्हर लिस्टवर, म्हणजे मृत व्यक्तीची किडनी मिळण्याच्या यादीत, नाव घालता येतं पण नंबर कधी लागेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तरी नाही."

आमच्या सायकियाट्रिस्टनी तिला वेगळं भेटून हेच नोंदवलं. म्हणजे संमती नाही, आणि संमती नाही म्हणजे ती डोनर होऊ शकत नाही, इथवर कुणाचंच दुमत नव्हतं. वाद झाला तो घरच्यांना काय सांगायचं यावर.

टीममधल्या एका सीनियर डॉक्टरांनी सुचवलं की बीपी निघालं म्हणून सांगू, विषय संपेल. ते चांगल्या मनानेच म्हणत होते, असं बऱ्याच ठिकाणी चालतं आणि त्यामुळे कितीतरी बायका सुटल्या असतील हे मला मान्य आहे. पण मी हट्टाने विरोध केला. एक तर तिचे सगळे रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर होते, मामा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेले असते आणि खोटं उघडं पडलं असतं तर सगळं तिच्यावर शेकलं असतं. दुसरं, कागदावर खोटा आजार लिहिणं हे डॉक्टरसाठी गैरवर्तनच आहे. आणि मला सगळ्यात जास्त खटकत होतं ते हे की तो शिक्का तिच्यासोबत बारामतीला जाणार. सासरी "हिच्या किडनीत काहीतरी आहे" हे एकदा पसरलं की ते कोण पुसणार? उद्या इन्शुरन्स काढायला गेली, परत दिवस राहिले, नवऱ्याशी भांडण झालं, प्रत्येक ठिकाणी ते निघेल. माहेरच्या रागापासून वाचवायला आपण तिला आयुष्यभराची आजारी बाई करून ठेवायचं, हे मला पटेना.

खरं तर खोटं बोलायची गरजच नव्हती. मेडिकल, मानसिक, सामाजिक अशी सगळी बाजू बघून टीम डोनरला मान्यता देते किंवा देत नाही. टीमने हिला मान्यता दिली नव्हती. हे शब्दशः खरं होतं. मग आम्ही वाक्य ठरवलं आणि सगळ्यांनी तेच बोलायचं असंही ठरवलं, डॉक्टर, नर्स, मी, डायालिसिसचे टेक्निशियन, सगळ्यांनी : "टीमने या डोनरला मान्यता दिलेली नाही. डोनरची माहिती गोपनीय असते, कारण कुणालाच सांगितलं जात नाही." तिलाही मी आधी हे वाक्य ऐकवलं आणि विचारलं की तुला चालेल का. ती म्हणाली घरी विचारलं तर मी पण 'डॉक्टरांनी नको म्हटलं' एवढंच सांगेन. ते तिचं तिने ठरवलं.

मामा आलेच. "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, मग अडलं कुठे? आम्हाला कारण पाहिजे, लेखी पाहिजे." मी म्हणाले, मामा, उद्या तुम्ही डोनर म्हणून आलात तर तुमचंही मी कुणाला सांगणार नाही, तुमच्या सख्ख्या बहिणीला पण नाही. ते बराच वेळ चिडून बोलत होते, पैसे खाल्ले का इथपर्यंत. ऐकून घेतलं. माणूस भाच्यासाठी जिवाचं रान करत होता, रागाला जागा होतीच.

मामांपेक्षा अवघड गेला तो भाऊ. डायालिसिस चालू असताना त्याने मला बोलावलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, तिला काही निघालं नाही ना? आजारी नाही ना ती?" 'कारण सांगता येत नाही' हे वाक्य त्याच्यासाठी किती भीतीचं होतं ते तेव्हा समजलं. तिला काही नाही असं मी म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न लगेच आला असता, मग का नाही? मी सांगितलं, "कुठल्याही डोनरच्या तपासणीत काही निघालं तर आम्ही ते त्याच डोनरला सांगतो आणि पुढच्या उपचाराला पाठवतो, कुणालाही अंधारात ठेवत नाही. बाकी तिची चौकशी तुम्ही तिलाच फोन करून करा, तिला बरं वाटेल." त्याने केला फोन. काय बोलले ते मी विचारलं नाही.

आता फाइलबद्दल, कारण हे पुस्तकात नसतं. पेशंटने मागितलं तर त्याचे रेकॉर्ड ७२ तासांत द्यावे लागतात. म्हणून बहिणीचं एक अक्षरही भावाच्या केसपेपरवर असता कामा नये. मी बघितलं तर त्याच्या फाइलमध्ये एका रेसिडेंट डॉक्टरने 'डोनर अनविलिंग' (डोनर तयार नाही) लिहायला घेतलंच होतं, वेळेत थांबवलं आणि तिथे 'डोनरला मान्यता नाही, पर्यायांचा विचार' इतकंच गेलं. तिची फाइल वेगळी, वेगळ्या नंबरची, माझी आणि सायकियाट्रिस्टची नोट त्यातच. कायद्यात किडनीच्या व्यवहाराला ५ ते १० वर्षं शिक्षा आहे, त्यामुळे पैशाचा किंवा धमकीचा संशय आला असता तर गोपनीयतेचा विचार मला वेगळा करावा लागला असता आणि तेही मी प्रत्येक डोनरला सुरुवातीलाच सांगते. इथे तसं नव्हतं, इथे होतं ते नात्याचं ओझं, ज्याला कुठलं कलम लागत नाही.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलून घेतली. एकट्याचा इंटरव्ह्यू आता ब्लड ग्रुप झाल्या झाल्या होतो, टायपिंगच्या आधी, आणि पहिल्याच मीटिंगला सगळ्या घरासमोर मी सांगते की आमच्याकडून फक्त हो किंवा नाही येईल, कारण येणार नाही, कुणाच्याही बाबतीत येणार नाही. हे सगळ्यांना आणि आधीच सांगितलेलं असलं तरच त्याचा उपयोग होतो, एखादीच्याच बाबतीत अचानक गोपनीयता काढली की घरच्यांना लगेच कळतं काय झालंय ते.

भावाचं नाव झेडटीसीसीच्या (विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या) कॅडॅव्हर लिस्टवर घातलं. आणि बायकोचा ग्रुप जुळत नाही म्हणून तिला सुरुवातीलाच बाजूला काढलं होतं, तर मी त्यांना स्वॅपबद्दल सांगितलं, म्हणजे अशाच अडकलेल्या दुसऱ्या जोडीबरोबर अदलाबदल, २०११ च्या दुरुस्तीने ते करता येतं, ऑथोरायझेशन कमिटीची (प्रत्यारोपणाला मंजुरी देणाऱ्या कायदेशीर समितीची) परवानगी लागते. तिच्या सासूबाई, म्हणजे पेशंटची आई, म्हणाल्या, "हो, ती देईल की." मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. वहिनीला मी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले, मुलांना कोण बघेल, घरी काम काय, धोका काय, आणि नाही म्हणालात तर बाहेर कुणालाही कळणार नाही. तिने माझं पूर्ण बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला आधीच द्यायची होती, मला कुणी विचारलंच नव्हतं." तरी मी तिला परत जाऊन विचार करून यायला सांगितलं, ती आली, उत्तर तेच होतं. सायकियाट्रिस्टची भेट झाली, लग्नाचे फोटो आणि मुलांचे जन्मदाखले जमा झाले. स्वॅपमध्ये नाव नोंदवलंय, जुळणारी जोडी अजून मिळायचीय.