झेरॉक्समध्ये अर्धं झालेलं मुलुंड

भूगोलात एम.ए. करायचं म्हटल्यावर सगळ्यांनी भीती घातली ती आकडेमोडीची. आकड्यांचं काही नाही हो. 2011 च्या जनगणनेचे आकडे घरबसल्या मिळतात, नकाशावर घनता दाखवायच्या क्षेत्रघनी (छटांची) आणि टिंब (ठिपक्यांची) पद्धतीतला फरक एका बैठकीत कळतो. माझं घोडं अडलं ते झेरॉक्सच्या खिडकीपाशी.

विषय साधा, लोकसंख्येची घनता. मुंबई महापालिकेचा टी वॉर्ड म्हणजे मुलुंड. माणसं साधारण 3 लाख 41 हजार, क्षेत्रफळ 45 चौ.किमी.च्या आसपास. भागाकार केला की चौ.किमी.ला साडेसात हजार येतात. संध्याकाळी मुलुंड स्टेशनच्या पुलावर चेंगरलेल्या माणसाला हा आकडा सांगून बघा! गोम अशी की त्या 45 मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगरही धरलाय. पाडे सोडले तर तिथे बिबटे राहतात, आणि त्यांची शिरगणती वेगळी होते. सी वॉर्डात, भुलेश्वर-काळबादेवीकडे, दोन चौ.किमी.हून कमी जागेत 1 लाख 66 हजार माणसं आहेत. तिथे वजा करायला जंगलच नाही. मला मुलुंडची नुसती वस्ती मोजायची होती, म्हणून सीमेचा अधिकृत नकाशा हवा होता.

कार्यालयाचं नाव घेत नाही. अर्ज, आवक-जावकची पोच, फी, सगळं झालं. नकाशा ए-थ्री आकाराचा होता, खाली स्वच्छ छापलेलं: 1:25,000. खिडकीतल्या भाऊंनी तो मशीनवर ठेवला, ट्रे उघडून पाहिला, ‘ए-थ्री संपलाय’ म्हणाले आणि ए-फोरवर बसवून दिला. वर ‘सत्यप्रत’चा गोल शिक्का, तोही नेमका रेषाप्रमाणावर, म्हणजे किलोमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीवर.

घरी आलेखकागदावर चौकोन मोजले. 1:25,000 ला 16 चौ.सेमी. म्हणजे 1 चौ.किमी. अख्खा वॉर्ड भरला जेमतेम बावीस! ए-फोर हा ए-थ्रीच्या बरोबर निम्मा, त्यामुळे क्षेत्रफळही निम्मं आणि घनता फुकटात दुप्पट. नकाशा लहान केला की रेषाप्रमाण त्याच्याबरोबर आकसतं, म्हणून ते खरं राहतं. अंकप्रमाण, म्हणजे आकड्यात छापलेलं 1:25,000, मात्र तसंच राहतं. या प्रतीचं खरं प्रमाण झालं होतं 1:35,000 च्या थोडं पुढे, आणि कागदावर शिक्क्यानिशी लिहिलं होतं 25,000.

परत गेले.

‘मॅडम, सेमच आहे ना, फक्त लहान झालंय.’

मी प्रमाण म्हणजे काय ते समजावायला लागले, तर मागच्या रांगेतून ‘ओ ताई, आटपा’ सुरू झालं. साहेबांना भेटा म्हणे. साहेब साइटवर. पुढच्या वेळी साहेब मीटिंगमध्ये. मग कळलं की एकदा प्रत दिली की त्या अर्जावर दुसरी मिळत नाही, नवीन अर्ज करा. वैतागून बाहेरच्या दुकानातून ए-थ्री कागद घेऊन गेले, तर ‘बाहेरचा कागद चालत नाही’. ट्रे रिकामाच होता, हे मी वाकून पाहिलं. त्या दिवशी खिडकीवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण मला त्याचा पश्चात्तापही नाही.

शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. 30 दिवसांची मुदत असते, आणि ती बऱ्यापैकी ताणली जाते. प्रत आली तेव्हा आधी पट्टी लावून लांबी-रुंदी मोजली, मगच पाकीट पिशवीत टाकलं.

हो, टोपोशीटचं, म्हणजे स्थलदर्शक नकाशाचं, राहिलं. भारतीय सर्वेक्षण विभागाची 1:50,000 ची घ्या, 2 सेमी.ला 1 किमी. दोन ठळक ठिकाणांमधलं अंतर तिच्यावर मोजून पाहिलं की हातातली झेरॉक्स किती आकसलीय ते लगेच कळतं. मुलुंडला 47 ए/16 क्रमांकाची शीट पुरते. पण कुलाब्याचं काही करणार असाल तर 47 बी/13 लागेल, कारण या दोन शीटांची हद्द असलेलं 19° अक्षवृत्त वरळी-परळच्या आसपास शहर कापून जातं. आणि अर्जात ‘मूळ आकारात, न आकसता’ हे शब्द लिहून खाली रेघ मारा. मी दुसऱ्या अर्जात दोनदा मारली होती.