डीनचं जंगल आणि वाय नदीचा काठ : उखडलेल्या रुळांवरून सायकलचे दोन दिवस

माउंटन बाइक म्हटलं की डोळ्यांसमोर उड्या, दगडधोंडे आणि सोलवटलेली ढोपरं येतात. इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवर, सेव्हर्न आणि वाय या दोन नद्यांच्या मधल्या फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये याच सायकलचा एक शांत, लांब पल्ल्याचा आनंद मिळतो. इथल्या बऱ्याच वाटा म्हणजे जुने रेल्वेमार्ग. कोळसा, लोखंड आणि दगड वाहणाऱ्या गाड्या थांबल्या, रूळ उचलले गेले, पण भराव आणि खडीचा पाया तसाच राहिला. त्यावर बारीक खडी दाबून सायकलची वाट झाली. ब्रिस्टल किंवा कार्डिफला राहणाऱ्या मराठी मंडळींना शनिवार-रविवारात हे सहज जमण्यासारखं आहे. आम्ही शनिवार जंगलाला दिला आणि रविवार नदीला. हाच क्रम ठेवा, कारण जंगलाच्या वाटेवर सायकल कशी चालते ते कळलं की नदीकाठचा चिखल सोपा जातो.

आधी चढाबद्दल. आपल्या बोरघाटात रेल्वेला ३७ मीटरमागे १ मीटर चढ आहे आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. रेल्वेला जो चढ अवघड, तो सायकलला जाणवेल न जाणवेल इतकाच. ३७ मीटरमागे १ मीटर म्हणजे सुमारे २.७ टक्के. घोळ होतो तो इथेच. चढ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माणूस जड गिअरवर रेटत राहतो आणि चार-पाच किलोमीटरनंतर मांड्या भरून येतात. वाट सपाट दिसत असूनही वेग पडत असेल तर तो चढच आहे. दोन गिअर हलके करा आणि पाय मिनिटाला ७५ ते ८० फेऱ्या मारतील असं पाहा. पुढच्या सस्पेन्शनला लॉक असेल तर या चढावर तो लावून टाका, नाहीतर प्रत्येक पॅडलमागे थोडी ताकद फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभागलेला दांडा) दाबण्यात जाते. उतारावर मात्र तो आठवणीने उघडा.

आता हवा. अशा वाटांवर सायकलच्या किमतीपेक्षा टायरमधल्या हवेने जास्त फरक पडतो, आणि दहातले आठ जण इथेच चुकतात. रस्त्यावर चालवायची म्हणून ४५-५० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरलेली असते, तशीच सायकल जंगलात येते. टणक टायर बारीक खडीवर नाचतो, हात बधिर होतात आणि वळणावर पुढचं चाक घसरतं. साधारण ७५ किलो वजनाच्या माणसाने २९ इंची चाकावर २.२ इंच रुंदीच्या टायरमध्ये ट्यूब असेल तर पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय ठेवावं. ट्यूबलेस असेल तर पुढे २१-२२, मागे २४. वजन दहा किलोने कमी-जास्त असेल तर दोन पीएसआय कमी-जास्त करायचं. ट्यूब असताना याच्या फार खाली जाऊ नका. दगडावर आपटलं की टायर रिमपर्यंत दबतो आणि मधे सापडलेल्या ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात. ट्यूब काढल्यावर तशी जोडी दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढंच समजा. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यापेक्षा दाब दाखवणारा काटा असलेला पंप किंवा छोटा मापक जवळ ठेवा. अंगठा वीस आणि तीसमधला फरक सांगू शकत नाही.

जंगलातली मुख्य फेरी कॅनॉपच्या खोऱ्यातून सुरू करणं सोयीचं. तिथे गाडी लावायला जागा आहे आणि सायकली भाड्यानेही मिळतात. कुटुंबांसाठी आखलेली ही वर्तुळाकार वाट साधारण १५-१६ किलोमीटरची आहे. कॅनॉपहून आधी ड्रायब्रुक रोडकडे चढून जा, म्हणजे चढ ताज्या पायांनी निपटतो आणि नंतर बराच वेळ सायकल आपणहून पळते. ड्रायब्रुक रोडला एके काळी स्टेशन होतं. नाव रोड असलं तरी आज तिथे फक्त झाडं आणि वाटांचा फाटा आहे. लहान मुलं बरोबर असतील तर अडीच-तीन तास धरा. एकट्याने न थांबता तासाभरात होते, पण तशी करण्यात काही मजा नाही.

या फेरीत डांबरी रस्ते ओलांडावे लागतात, आणि खरा धोका असेल तर तो तिथेच आहे. उतरणीच्या वाटेने वेगात येताना अडसर अचानक समोर येतो आणि पलीकडे गाड्या भरधाव असतात. लाकडी फाटक किंवा खांब दिसला की तीस मीटर आधीच दोन्ही ब्रेक हलके धरायला लागा आणि उतरून सायकल हातात धरून पलीकडे जा. सैल खडीवर फक्त पुढचा ब्रेक दाबला तर चाक बाजूला सरकतं, फक्त मागचा दाबला तर फरफटत जातं. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत संपवायचा. वळणात बोटं मोकळी आणि नजर वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर हवी.

खाली कॅनॉपची तळी लागतात. १८२०च्या दशकात पार्कएंडच्या लोखंडाच्या कारखान्याचं पाणचक्र फिरावं म्हणून ती बांधली. आता त्यांत रंगीबेरंगी मँडरिन बदकं पोहतात. इथे डबा सोडावा. थंडीत दशमी आणि शेंगदाण्याची चटणी यांच्यासारखं दुसरं काही नाही. हातमोजे न काढता खाता येतं आणि तासाभराने पाय गळत नाहीत. सभोवतालचे ओक नीट बघा. १८०२ साली अ‍ॅडमिरल नेल्सन या भागात आला, जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडाची इथली दुर्दशा त्याने लिहून कळवली, आणि १८०८च्या कायद्यानंतर हजारो एकरांवर ओक लावले गेले. ते जहाजाच्या मापाला येईपर्यंत जहाजं लोखंडाची व्हायला लागली होती. म्हणून ते उभे राहिले, आणि त्यांच्या सावलीतून आपण जातो. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत खाली ब्लूबेलच्या फुलांचा निळा गालिचा असतो. त्यात सायकल घालू नका. तुडवलेला पट्टा सावरायला कित्येक वर्षं लागतात.

वाटेच्या कडेची हिरवळ नांगरल्यासारखी उकरलेली दिसेल. ते रानडुकरांचं काम. डुक्कर दिवसा सहसा समोर येत नाही, पण पिलांसह दिसलं तर थांबा, त्याला वाट द्या, कुत्रा बरोबर असेल तर साखळीला बांधा. मेंढ्या मात्र भरपूर भेटतात आणि त्या कुंपणात नसतात. इथल्या लोकांना जंगलात मेंढ्या चारण्याची जुनी वहिवाट आहे, तशीच खाणीचीही. या मुलखात जन्मलेल्या, एकवीस वर्षं पूर्ण केलेल्या आणि एक वर्ष एक दिवस खाणीत काम केलेल्या माणसाला स्वतःची खाण खोदण्याचा हक्क मिळतो. घोडेस्वार दिसले तर मागून घंटी न वाजवता तोंडाने आवाज द्या. घोड्याला माणसाचा आवाज ओळखीचा असतो, घंटीने तो बुजतो.

पाऊस पडून गेला असेल तर या खडीची राखाडी लापशी होते. तीच ब्रेकचा काळ. बारीक दगडी कणांचा चिखल डिस्क आणि पॅडच्या मधे बसून सहाणेसारखा घासतो. ऑरगॅनिक पॅड मऊ असतात, आवाज करत नाहीत, पण अशा ओल्या चिखलात फार लवकर उडतात. सिंटर्ड म्हणजे धातूचे पॅड थोडे किंचाळतात पण टिकतात. ब्रिटनच्या हिवाळ्यात तेच लावावेत. निघण्याआधी पॅड काढून बघा. मागची पत्री सोडून घासायचा थर एक मिलिमीटरच्या आसपास उरला असेल तर नवीन जोडी टाका.

रविवारी सिमंड्स यॅट ईस्ट. इथे उतरणारा रस्ता अरुंद आणि तीव्र आहे, गाड्या लावायला जागा थोडी, त्यामुळे नऊच्या आत पोहोचा. इथून मॉनमथच्या दिशेने नदीकाठाने जी वाट जाते तिला पेरेग्रिन पाथ म्हणतात. पेरेग्रिन म्हणजे आपला बहिरी ससाणा; वरच्या कड्यांवर त्याची घरटी असतात. सुमारे ८ किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत. हाही रेल्वेचाच मार्ग. १८७३ साली सुरू झालेली रॉस-मॉनमथ लाइन १९५९च्या जानेवारीत प्रवाशांसाठी बंद झाली.

निघण्याआधी नदीची पातळी इंटरनेटवर बघून घ्या. वाय वेल्सच्या डोंगरात उगम पावून सुमारे २५० किलोमीटर वाहते. वर पडलेल्या पावसाचं पाणी इथे पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे इथे लख्ख ऊन पडलेलं असताना नदी चढत असते. पाणी वाटेवर आलं असेल तर खोली अजमावत आत शिरू नका. खालची खडी वाहून गेलेली असते आणि ते वरून दिसत नाही. पाणी ओसरल्यावरही दोन-चार दिवस गाळाचा बुळबुळीत थर राहतो. त्यावर ब्रेक दाबायचा नाही, सुकाणू वळवायचं नाही, हलक्या गिअरवर पाय फिरवत सरळ निघून जायचं.

एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला चढत गेलेलं रान. मधे बिब्लिन्सचा झुलता पूल लागतो. तो नदीपलीकडच्या तळावर जातो. पलीकडे चक्कर मारायची तर सायकल ढकलत न्या आणि एका वेळी किती माणसांनी चढायचं ते पाटीवर वाचा. मुळांचे उंचवटे लागतात तिथे खुर्चीवरून किंचित उठून, कोपरं आणि गुडघे सैल ठेवून जा. ओलं मूळ तिरकं कापलं तर चाक मुळाच्या बाजूने सरकतं, म्हणून ते काटकोनातच ओलांडायचं. शेवटचा टप्पा शांत गावरस्त्याचा. मॉनमथला पोहोचलात की मॉनाउ नदीवरचा पूल बघून या. मध्ययुगातला दरवाजाचा बुरूज पुलावरच उभा असलेला ब्रिटनमधला हा एवढाच उरलाय.

पंक्चर झालंच तर बहुधा हॉथॉर्नच्या काट्याने. पानगळीत कुंपणं छाटतात आणि काट्यांचे तुकडे वाटेवर पसरतात. काटा बाभळीच्या मानाने आखूड असतो, पण टणक. तो टायरमध्ये घुसून बाहेरून मोडतो. बाहेर काही दिसत नाही, आत मात्र दोन मिलिमीटर टोक उभं असतं. नवीन ट्यूब टाकली की दहा मिनिटांत तीही बसते. म्हणून ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. ते बोटाने उपटलं जात नाही, चिमट्याने बाहेरच्या बाजूने ढकलून ओढा. जुन्या ट्यूबचं छिद्र वॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते टायरवर धरून पाहिलं तर शोधायची जागा विताएवढी उरते. त्यासाठी टायर बसवतानाच त्याच्यावरचं नाव वॉल्व्हच्या समोर आणायची सवय लावा. बरोबर दोन ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, चिमटा आणि चेनची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी) ठेवा. खोऱ्यात फोनला रेंज जाते-येते, मदतीवर भिस्त ठेवू नका.

घरी आल्यावर आधी अंग तपासा, मग सायकल. उंच नेच्यांतून गेलं की गोचीड चिकटते आणि तिच्यातून लाइम आजार होऊ शकतो. गुडघ्यामागे, काखेत, मोज्याच्या कडेला बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळायचं नाही, तेल लावायचं नाही, विस्तव तर नाहीच. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरकडे जा. सायकल साध्या पाइपने, हळू धारेने धुवा. प्रेशरचं पाणी हबच्या आणि पॅडलच्या बेअरिंगमध्ये गेलं की आतलं ग्रीस वाहून जातं. चेन फडक्याने कोरडी करून प्रत्येक कडीवर थेंबभर तेल सोडा, पाच मिनिटं पॅडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल पुढच्या फेरीत फक्त खडी गोळा करतं.