आज महेश्वरला, नर्मदेच्या घाटावर

सकाळी पोहे खाऊन दादा आणि मी महेश्वरला निघालो, जाम गेटचा उतार उतरताना दादाने गाडीत इंडियन ओशन या बँडचा कंदिसा लावला, २००० सालचा अल्बम, आमच्याकडे त्याची कॅसेट होती आणि ती इतकी घासली होती की शेवटी शेवटी आवाज थरथरायचा, तरी तीच लागायची. खजुराहो हे गाणं संपून मा रेवा (रेवा म्हणजे नर्मदाच) सुरू झालं आणि आम्ही दोघंही गप्प. बँडचा बास वाजवणारा राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होता, हे गाणं नर्मदाकाठचं लोकगीत, तिथल्या लोकांचंच, त्याला बास आणि गिटार मिळाली पण मातीचा वास गेला नाही. आपल्या इंदूरच्या नळाला पण तीच नर्मदा येते ना, नदीकाठच्या जलूदहून पंपाने वर चढवलेली!

खरी गोष्ट पुढे आहे. घाटावर कॉलेजची चार-पाच पोरं गिटार घेऊन बसलेली, आणि काय वाजवत होती सांगा? मा रेवाच! अल्बम आला तेव्हा ही पोरं जन्मली पण नसतील. शेजारी एक काका आंघोळ करून कपडे पिळत होते, ते तसेच ओल्या पंचाने ताल धरून गायला लागले, मग दादा, मग मी. मला एकदम बँडचे असीम चक्रवर्ती आठवले, त्यांचा तो तबला आणि तो मोकळा आवाज, २००९ मध्ये गेले ते. डोळे भरले माझे, खरंच.

परतताना पूर्ण रस्ता तोच अल्बम, तीनदा. कॅसेट आईकडे माळ्यावर असेल, उद्या शोधते.