गोधडीच्या उरल्या कापडातून पिशव्या

नातवासाठी दुपटी आणि घरासाठी दोन मोठ्या गोधड्या शिवून झाल्या, तरी कापडाचा ढीग काही कमी होईना. निळीत रंगवलेल्या इंडिगोचे लांबट तुकडे, ठशांनी छापलेल्या अजरखची टोकं, आईच्या सुती साड्यांचे पदर, ब्लाउजपिसाएवढे खण. फेकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. शेवटी पिशव्या आणि पाऊच शिवायचं ठरवलं.

आधी ढीग पाहून वाटलं होतं की गोधडीसारखेच तुकडे जोडायचे आणि वर बंद लावायचे. पण गोधडी अंगावर नुसती पसरते, पिशवीला ओझं उचलायचं असतं. वीस-पंचवीस वर्षं धुतलेली साडी हाताला लोण्यासारखी लागते, आणि दोन किलो कांदे टाकले की शिवणीलगत विरते. म्हणून वाटणी केली: साडीचं कापड फक्त पाऊचच्या अस्तराला, नवं घट्ट विणीचं सुती कापड पिशवीला, खण पाऊचच्या दर्शनी बाजूला. खणाचे धागे कापल्याबरोबर सुटायला लागतात, त्यामुळे त्याला मागून इस्त्रीनं चिकटणारं फ्युजिंग लावूनच कात्री चालवायची. सगळं कापड आधी धुऊन घेतलं. इंडिगो आणि अजरखचा रंग पहिल्या पाण्यात सुटतोच, तो अस्तरावर उतरण्यापेक्षा बादलीत गेलेला बरा.

बाकीचं सामान आणायला मेट्रोनं मंडईला उतरले. चेन आणि दोरा तुळशीबागेत, कॅनव्हास आणि बंदांसाठी बेल्टची पट्टी रविवार पेठेत. बेल्टवाल्यानं विचारलं, "ताई, कॉटन देऊ की नायलॉन?" मी कॉटन सांगितल्यावर म्हणाला, "नायलॉन वर्षानुवर्षं टिकतो." टिकत असेल, पण ओझं असलं की खांद्याला काचतो. सव्वा इंची कॉटनचा घेतला. खांद्यावर अडकवायची पिशवी असेल तर एका बंदाला 26 इंच धरावेत. हातात धरायची असेल तर 16 पुरतात.

माझं मशीन जुनं काळं पायमशीन आहे. त्याला 16 नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा आणि नेहमीपेक्षा मोठा टाका लावला. बाहेरचं कापड आणि कॅनव्हास एकावर एक ठेवून दोन-दोन इंचांवर सरळ टिपा मारल्या, म्हणजे पिशवी उभी राहते. गोधडीतला उरलेला कापूस मी यात घातला नाही. भाजीची पिशवी ओली होणार, आणि कापूस वाळायला वेळ लावतो. पाऊचमध्ये मात्र पातळ थर छान दिसतो.

मापं सांगते. बाहेरचे दोन आणि अस्तराचे दोन तुकडे, सगळे 17 इंच रुंद आणि 18 इंच उंच, त्यातच सगळीकडे अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड. दोन बाजू आणि तळ शिवून झाले की तळाचा कोपरा तिकोनी ओढायचा, बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर बरोबर बसवायची आणि टोकापासून 2 इंचांवर आडवी टीप मारायची. ही रेघ 4 इंच भरली पाहिजे. तयार पिशवीचा तळ 12 बाय 4 आणि उंची 15 इंच येते. दुधाच्या पिशव्या आणि कोथिंबिरीची जुडी शेजारी-शेजारी बसतात, कोथिंबीर चेंगरत नाही.

सगळ्यात मजा अस्तर लावताना येते. अस्तराच्या तळाला वीतभर जागा न शिवता ठेवायची, पिशवी आणि अस्तर सुलट बाजू आतून समोरासमोर घालायचे, मध्ये बंद अडकवून तोंडावर गोल टीप मारायची आणि त्या वीतभर भोकातून सगळी पिशवी ओढून काढायची. कॅनव्हास ताठ असतो, जरा झटापट होते. मग भोक शिवायचं, तोंडाला वरून आणखी एक टीप घालायची आणि बंदांच्या मुळाशी चौकोन आणि त्यात फुली मारायची. या फुलीत कंजुषी नको. पिशवी फाटते ती बहुतेक इथेच. बेल्ट, कॅनव्हास आणि अस्तर असे सगळे थर एकत्र आले की पायडल सोडून चाक हातानं फिरवायचं, नाहीतर सुई मोडते.

पाऊचची गोष्ट म्हणजे चेनची गोष्ट. मी तयार चेन घेत नाही, मीटरवर मिळणारी 5 नंबरची घेते (नंबर जितका मोठा तितके दात जाड) आणि रनर, म्हणजे चेन उघडझाप करणारी कळ, सुटे. हव्या त्या मापाची कापता येते आणि स्वस्तही पडते. रनर घालणं हा मात्र छळ आहे. त्यावर उपाय घरातच सापडतो: जेवणाचा काटा. दोन दातांमध्ये रनर घट्ट बसवायचा, काटा एका हातात धरायचा आणि चेनच्या दोन्ही पट्ट्यांची टोकं एकाच वेळी, एकाच पातळीवर आत सरकवायची. एक टोक जरा जरी पुढे गेलं तर चेन लाटेसारखी वर-खाली होते. मग सरळ काढायची आणि परत घालायची. चेनच्या दोन्ही टोकांना कापडाचा छोटा तुकडा शिवला की पाऊचचे कोपरे चौकोनी निघतात, चेन कोपऱ्यात कोंबली जात नाही. आणि शेवटची टीप मारण्याआधी चेन अर्धी उघडी ठेवायची, नाहीतर पाऊच उलटवणार कुठून?

2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून घराघरात कापडी पिशव्यांचे गठ्ठे साचलेत. लग्नाच्या, दुकानांच्या, कसल्याकसल्या समारंभांच्या. तरी आमच्या सोसायटीतल्या बायकांना माझीच पिशवी हवी असते, आणि "उरल्या कापडाचीच तर आहे" असं म्हणून फुकट हवी असते. कापड उरलेलं आहे. कॅनव्हास, बेल्ट, चेन उरलेले नाहीत, आणि माझी दुपार तर नाहीच नाही. आता नियम केला आहे: शिवून देईन, पण चेन, रनर आणि बेल्ट ज्याचे त्यानं आणायचे. आणायच्या आधी मला विचारायचं. चंदेरी चमकणारी 3 नंबरची चेन आणलीत तर ती तशीच परत मिळेल.