तो सॅटर आमच्या दिवाणखान्यात का आहे

तुम्ही विचारलंत म्हणून. घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतोच, मेलेली, अर्धउघडी बाई आणि तिच्यावर वाकलेला बोकडाच्या पायांचा माणूस, म्हणजे ग्रीक पुराणकथांतला सॅटर, असलं चित्र भिंतीवर कशाला?

इटालियन चित्रकार पिएरो दि कोसिमोचं हे चित्र १४९५च्या सुमाराचं. मूळ सहा फूट लांब लाकडी फळी लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. नवऱ्याच्या भाल्यानं चुकून मेलेली, रोमन कवी ओव्हिडच्या गोष्टीतली प्रोक्रिस ती हीच, असं पूर्वी सांगत. पण त्या गोष्टीत सॅटर नाहीच. हा आगंतुक आहे.

सॅटर म्हणजे वासना, हे वर्गात मीच वर्षानुवर्षं शिकवलं. तित्सियानोची चित्रं घ्या, रुबेन्सची घ्या, रानातला हा प्राणी दारू पितो आणि बायकांमागे धावतो. तेव्हा हे चित्र मी दाखवत नसे. माझ्या व्याख्येत ते बसत नव्हतं.

मग माझी सहकारी गेली. एकोणीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसायची. धावत तिच्या घरी गेलो. तिला हॉलमध्ये जमिनीवर ठेवलं होतं. चष्मा काढलेला, नाकावर त्याचे दोन वळ तसेच. एकदा कपाळाला हात लावावा एवढंच मनात होतं. दारातच कुणी तरी विचारलं, “आपण कोण?” मी म्हणालो, “बरोबर शिकवायचो.” त्यांनी मला खालीवर पाहिलं. “घरच्यांचं होऊ दे. तुम्ही खाली थांबा.” स्कूटरच्या रांगेजवळ दोन तास उभा राहिलो. तिरडी खाली आली तेव्हा चेहरा फुलांखाली गेला होता.

आमच्यात तसं काही नव्हतं. हे लिहावं लागतं याचाच संताप येतो. आणि काहीच नव्हतं असं शपथेवर सांगा म्हणाल, तर तेही सांगवत नाही.

चित्रातल्या सॅटरला कुणी खाली थांबवलेलं नाही. त्याचा एक हात तिच्या खांद्यावर आहे, दुसरा कपाळावर. पायाशी तपकिरी कुत्रा बसलाय. तोही काही विचारत नाही.

तिच्या गळ्याला जखम आहे, मनगटावर आणि हातावरही. वार अडवताना होतात तशा. म्हणजे यानंच मारलं असेल का? माझा एक विद्यार्थी हे बोलला, तेव्हा मी चिडून त्याला गप्प केलं. आता रात्री दिवा लावून पुन्हा त्या मनगटाकडेच बघत बसतो.