मालवणची शांतता ओहोटीला सापडते

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचं म्हटल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं, जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते, जेट्टीवर किल्ल्याच्या होडीसाठी रांग, तारकर्लीला तर गाड्याच गाड्या. खरं आहे ते. पण आईला खूप वर्षं सिंधुदुर्ग बघायचा होता आणि भावाला सुट्टी तेव्हाच, मग गेलो.

आणि तिथं गेल्यावर मला एक गोष्ट कळली ती सांगायलाच ही पोस्ट लिहितेय. मालवणात शांत जागा शोधायला फार लांब जावं लागत नाही, शांत वेळ शोधावी लागते, आणि ती वेळ समुद्र ठरवतो. कोकणात भरतीचा एक सोपा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे रात्री दीडला भरती आणि त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की सकाळी पावणेआठला पूर्ण ओहोटी. ढोबळ हिशोब आहे, थोडं मागेपुढे होतं, पण अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी जेवढं चढतं तेवढंच आतही जातं, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं, कारण दांडी किनाऱ्यासमोरच्या पद्मगडावर चालत जायचं होतं.

पद्मगड म्हणजे सिंधुदुर्गाच्या जवळचंच छोटं बेट. जेट्टीवरून सगळे मोठ्या किल्ल्याकडे जातात, इकडे फार कोणी वळत नाही. आम्ही सातला दांडीवर पोचलो तेव्हा पाणी अजून पोटऱ्यांपर्यंत होतं. होडीजवळ जाळं साफ करत बसलेल्या एका काकांना भावाने विचारलं, काका जाऊ का पलीकडे, तर ते म्हणाले, "आता सुकती आसा, जावा बिनधास्त. पन पानी भरूक लागला काय लगेच माघारी फिरा हां." म्हणून आधी कोणाला तरी विचारून घ्याच, मोबाईलवरच्या वेळेवर एकट्याने विश्वास ठेवू नका.

वाटेतल्या खडकांवर दोन बायका वाकून कालवं काढत होत्या. मी थांबून बघत राहिले. टोकदार लोखंडाने टक करून वरची शिंप उडवायची, आतला गर उचलून पाण्याच्या डब्यात टाकायचा, पुढचं. एका कालवाला दोन-तीन सेकंद. खालची अर्धी शिंप खडकाला तशीच चिकटून राहते आणि तिची कड ब्लेडसारखी असते, त्यामुळे इथं अनवाणी अजिबात चालू नका, भावाने तासाभरासाठी चप्पल काढली आणि टाच कापून घेतली.

पद्मगडावर बघण्यासारखं काय, असं विचाराल तर पडझड झालेला तट, वाढलेली झाडं आणि समोर सिंधुदुर्ग. पण तो सिंधुदुर्ग असा दिसतो की होडीतून कधीच दिसणार नाही, तटाच्या पायथ्याचे ओले काळे खडक उघडे पडलेले, माणसाचा आवाज नाही, नुसतं पाणी आत ओढलं जातानाचं चुळचुळ. आम्ही अर्धा तास काही न बोलता बसलो.

आई गुडघ्यांमुळे आली नव्हती, ती किनाऱ्यावरच मोरयाच्या धोंड्याजवळ बसली होती. हा खडक मला खूप जवळचा वाटतो. त्याच्यावर गणपती, चंद्र, सूर्य, शिवलिंग कोरलंय, आणि 25 नोव्हेंबर 1664 ला शिवाजी महाराजांनी इथं पूजा करून सिंधुदुर्गाच्या कामाला सुरुवात केली. एवढी मोठी गोष्ट आणि आम्ही परत येईपर्यंत तिथं आईशिवाय कोणीच नव्हतं. तिने कुठून तरी दोन जास्वंदीची फुलं आणून वाहिली होती. म्हणाली, "किल्ला नंतर बघू गं, आधी इथं बसू दे." दहा वाजता वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी सुरू झाल्या आणि तोच किनारा ओळखू येईना.

दुपारी चौक्यावरून धामापूरला गेलो. तलाव 1530 सालचा, काठावर भगवतीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. जेवून गेलात तर तिथंच डुलकी लागेल, एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी मात्र कुडोपी. हे मालवण तालुक्यातच आहे पण किनाऱ्यापासून आत, आणि माझ्या मते सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात भारी ठिकाण. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या सपाट पठारावर, जमिनीतच कोरलेली चित्रं, माणसाच्या आकृती, मासे, आणि काही आकार असे की कशाचे आहेत ते कळतच नाही. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत त्यात कुडोपी आहे, तरी आम्ही होतो तोवर तिथं एक गुराखी आणि त्याच्या म्हशी, बस्स. दुपारी बारा वाजता गेलात तर काहीच दिसणार नाही हां, कारण कोरीवकाम उथळ आहे, ऊन डोक्यावर असलं की सगळा सडा एकसारखा दिसतो. आम्ही साडेचारला पोचलो तेव्हा मलाही आधी नुसता दगड आणि अर्धवट वाळलेलं गवत दिसलं, मी तर एका आकृतीच्या पायावरच उभी होते, भाऊ ओरडला "ताई, मागे हो!" मग ऊन तिरपं होत गेलं तशा रेषांमध्ये सावल्या भरायला लागल्या, आधी एक हात, मग खांदा, मग पूर्ण माणूस.

तिथं जाल तर चपला बाजूला काढून कडेकडेने फिरा, फोटो नीट यावा म्हणून रेषांत खडू भरू नका प्लीज, जांभा मऊ असतो, झिजतो. आई एका आकृतीच्या कडेला बसून बोटाने हवेतच तिची रेष गिरवत होती, हात न लावता, अंधार पडेपर्यंत.