आमची वाटचाल: बंब-घंगाळांपासून तोफखान्याच्या पदकापर्यंत

आम्ही मूळचे तांबट. आजोबा जुन्या नाशकात बंब, घंगाळी घडवायचे, मठारकामात, म्हणजे हातोडीने ठोकून भांड्याला आकार देण्यात, त्यांचा हातखंडा. स्टील आलं आणि ते गिऱ्हाईक आटलं. वडिलांनी नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत शेड घेऊन पॉवर प्रेस बसवला. आधी इलेक्ट्रिकल पार्टचं जॉबवर्क, मग बिल्ले, शाळांची पदकं. पोट त्यावर भरलं, पण आम्हाला अभिमान आहे तो एका वेगळ्या कामाचा.

1971च्या युद्धात लढलेले तोफखान्याचे काही माजी सैनिक आले. त्यांना तुकडीच्या स्मरणार्थ पदक हवं होतं, तेही ब्राँझचंच. "परमवीरचक्रसुद्धा ब्राँझचं असतं," सुभेदार साहेब म्हणाले. एका बाजूला त्यांची 25 पाउंडर तोफ (25 पौंडांचा गोळा डागणारी), दुसऱ्या बाजूला रेजिमेंटचे धर्मगुरू, त्यांचे पंडितजी. तोफखान्यात ध्वजाचा मान तोफेला असतो; तोफ आणि पंडितजी, दोघांची जागा एकाच पदकावर, हे त्यांचं पक्कं ठरलेलं. धर्मगुरू फौजेत जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, असतो. दवाखान्यात जखमींपाशी बसणं, गेलेल्यांचे अंत्यसंस्कार, शिक्षा भोगणाऱ्या जवानालाही जाऊन भेटणं, ही त्याची कामं. पदक मिळवणाऱ्यांच्या यादीत मात्र असा माणूस क्वचितच दिसतो.

ब्राँझ म्हटलं की अंबडमध्ये गनमेटलची, म्हणजे ओतीव ब्राँझची, यंत्रात बसवायची बुश डोळ्यांपुढे येते. जुन्या तोफा याच जातीच्या धातूच्या ओतायचे. पण ते ओतकामाचं, गार ठोक्याखाली तडकतं. पदकाला कथील कमी असलेला पत्रा लागतो. ब्लँक, म्हणजे पत्र्यातून कापलेल्या कोऱ्या चकत्या, तापवून नरम करायचे, ठोका द्यायचा, पुन्हा भट्टीत. चेहऱ्याचा उठाव एका ठोक्यात भरतच नाही. फोटो एकच, ग्रुपमधला, त्यात पंडितजींचा चेहरा नखाएवढा. मातीचा नमुना पाहून एका हवालदारांनी कानाच्या पाळीवर बोट ठेवलं, "लांब होती, खांद्याकडे झुकलेली." डाय (ठोक्याचा पोलादी साचा) कोरायच्या आधी ती पाळी लांबवली. शेवटी गंधकाच्या द्रावणात पदक काळवून फक्त उठाव घासून उजळवला.

कडी आणि फीत लावायची नाही, हे आम्हीच सुचवलं आणि त्यांना पटलं. छातीवर सरकारने दिलेलं पदकच शोभतं. हे हातात घेऊन बघायचं, म्हणून जाड आणि वजनदार केलं.

त्यानंतर इतर तुकड्यांची कामं येऊ लागली. ऑर्डर लिहून घेताना आम्ही आवर्जून विचारतो, तुमच्यात पंडितजी, मौलवी, ग्रंथी कोण होते? नाव लगेच येतं. मग त्यांच्या घरच्यांना फोन लागतात, फोटोसाठी.